पाखराची दुसरी फेरी

ताई,

तुझ्या स्मरणसभेत मी उभा राहिलो, "ताई फार चांगली होती," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तू म्हणायचीस, "आमचा मुक्या ज्या दिवशी साक्ष द्यायला उभा राहील ना, त्या दिवशी चर्चचे पंखेसुद्धा ऐकायला थांबतील." पंखे थांबले नाहीत. बायकोनं, स्मितानं, माझ्याकडे बघितलं, पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि कुणीतरी पेटीवर पुढचं गीत धरलं.

आपल्या मंडळीत साक्ष देणं म्हणजे काय डोंगर उचलणं नाही. उभं राहायचं, देवानं आपल्यासाठी काय केलं, गेलेल्या माणसानं काय केलं, ते खरं खरं सांगायचं आणि बसायचं. लहान लेकरं देतात. तू तर गॅसची टाकी वेळेवर आली तरी द्यायचीस. माझी पन्नाशी उलटली, मी एकदाही दिली नाही. "आमचा मुक्या मनातल्या मनात देतो," असं सांगून तू मला सोडवायचीस. परवा सोडवणारं कुणी नव्हतं. आणि सगळी सभा माझ्याकडेच बघत होती, कारण माझ्या आधी तुझ्या शेजारच्या वत्सलाकाकू बोलल्या होत्या.

काकू म्हणाल्या, "शालिनीबाईंचं आणि त्यांच्या भावाचं प्रेम मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्या लहानपणीच्या पुस्तकाचा पिक्चर लागला होता इथं नगरला. बाईंना जाता येईना. तर भाऊ म्हणाला, तुझ्याशिवाय मी बघणार नाही. आणि नाहीच बघितला! बाई ज्याला त्याला सांगायच्या. दूधवाल्याला थांबवून सांगायच्या. असा भाऊ देव सगळ्यांना देवो."

लोक "आमेन" म्हणाले.

ताई, मी तो पिक्चर बघितला होता. एकट्यानं, पहिल्या पाटीपासून दिवे लागेपर्यंत.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बोलायला जड जात असेल तर स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या." त्या ओळी मी लिहितोय. चार होतील असं वाटत नाही, आणि ते छापतील असंही वाटत नाही. पण साक्ष आहे.

ते पुस्तक आपल्या घरी आलं पेरूंच्या खालून. तुला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. कापणीच्या सणाला चर्चपुढं लिलाव चालला होता. ज्यानं त्यानं शेतातलं, परसातलं आणलेलं, भोपळे, अंडी, एक चिडलेला कोंबडा. आपल्याकडची रीतच अशी की ज्यानं वस्तू घेतली तो ती पुन्हा लिलावाला देतो; एकच भोपळा तीन-तीनदा विकला जातो आणि देवाच्या कामाला हातभार लागतो. पप्पांनी पेरूंची टोपली घेतली आणि रीतीप्रमाणे परत केली. तेवढ्यात तू टोपलीत हात घातलास आणि तळाला अंथरलेलं ते पुस्तक ओढून काढलंस. पेरू गडगडत अंगणभर. लिलाव करणारे काका ओरडले, "अहो मास्तर, तुमच्या पोरीनं टोपलीचा बुडखाच काढला की!" पप्पा लाजले. तू पुस्तक छातीशी धरून म्हणालीस, "पेरू द्या परत. हे नाही देणार."

पुस्तकाला पुढचं कव्हर नव्हतं, मागचं नव्हतं, नाव नव्हतं. कुठल्या तरी परक्या भाषेतून मराठीत आणलेलं असावं, कारण त्यातली माणसं बर्फात राहायची आणि भाकरी खायची. आपण त्याला पाखराचं पुस्तक म्हणायला लागलो. पानांना पुढं कितीतरी वर्षं पेरूचा वास होता.

तू मोठी, म्हणून वाचायचं काम तुझं. मी तुझ्या मांडीला टेकून ऐकायचो. धुक्याच्या देशाचा राजा माणसांचे आवाज चोरतो आणि गाडग्यांत कोंडून ठेवतो. एका मुलाचा आवाज जातो. त्याची मोठी बहीण भल्यामोठ्या पाखरावर बसून त्या देशात जाते, हजार गाडगी कानाला लावून बघते आणि भावाचा आवाज शोधून काढते. माझं नाव मुक्या पडलं ते तेव्हापासून. मी कमी बोलायचो, आणि तू पाहुण्यांना सांगायचीस, "याचा आवाज गाडग्यात आहे. मी काढणार आहे."

त्या पाखराचं एक चित्र होतं, काळं-पांढरं, पुसट. मी म्हणायचो बगळा. तू म्हणायचीस करकोचा. हा वाद आपण लग्नात, मयतीत, मम्मीच्या आजारपणात, कुठंही काढायचो. शेवटच्या महिन्यातसुद्धा तू धापा टाकत म्हणाली होतीस, "चोच बघ... चोच. बगळ्याची अशी असते का, गाढवा?"

आणि शेवट. बहीण-भाऊ पळत पळत धुक्याच्या काठाला येतात. मागून राजाची माणसं. पाखरू उभं असतं, पण पाखरू एका वेळी एकालाच नेऊ शकतं. बहीण भावाकडे बघते आणि म्हणते... तिथं पान संपायचं. पुढची पानं नव्हती. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मोठ्यानं रडायला लागलो. तू आपला तळहात पुस्तकासारखा उघडा धरलास आणि त्यातून वाचायला लागलीस, जराही न अडखळता:

"बहीण म्हणाली, तू हो पुढं. घरी जाऊन चहा ठेव. पाखरू तुला सोडेल आणि दुसऱ्या फेरीला मला न्यायला येईल. मग भाऊ गेला. मग पाखरू परत आलं. ती घरी पोचली तेव्हा चहा उकळत होता."

मला ते खरंच वाटत होतं, ताई. हायस्कुलात गेलो तेव्हा कुठं ती पानं आपण कधी पाहिलीच नव्हती हे लक्षात आलं. विचारलं तर हसलीस. "माझ्या तळहातावर छापलेली होती." मग जरा वेळानं, "पण खरं काय असेल रे? काय म्हणाली असेल ती?" हे तुझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलीस की विचारायचीस. वाचनालयात विचारायचीस. नाव ठाऊक नसलेल्या पुस्तकाचा शेवट कोण सांगणार?

पप्पा गेले तेव्हा आपल्या घरातून एकालाच पुढं शिकायला पाठवणं शक्य होतं. मार्क तुझे जास्त होते. तरी तू इथंच डी.एड. करून शाळेवर रुजू झालीस आणि मला पुण्याला पाठवलंस. एसटी स्टँडवर माझी ट्रंक टपावर चढवून घेतलीस आणि म्हणालीस, "तू हो पुढं." आपण दोघंही हसलो. मी शिकलो, श्रीगोंद्याला साखर कारखान्यात केमिस्ट झालो, क्वार्टर मिळालं, लग्न झालं. तुझ्या फेरीचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. तूही काढलं नाहीस. तू मम्मीला सांभाळलंस, चौथीच्या किती पोरांना वाचायला शिकवलंस आणि मग तुझी फुप्फुसं सुकत गेली.

हिवाळ्यात तुझा फोन आला. ऑक्सिजनच्या मशीनच्या घरघरीतून तू ओरडत होतीस. "मुक्या! आपलं पाखरू आलं रे!"

तुला तुझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मोबाईलवर पिक्चरची जाहिरात दाखवली होती. तू गाडगी बघितलीस आणि ओळखलंस. पुस्तकाचं नाव तुला त्या दिवशी कळलं, पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं साधं नाव. ते मी इथं लिहीत नाही, ते आपलं नव्हेच. ती विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, शेवट आत्ता शोधून देते, सगळं असतं यात." तू तिचा हात धरलास म्हणे. "एवढी वर्षं थांबले, आता बोटभर पडद्यावर वाचून घालवू होय? मोठ्या पडद्यावर बघणार. भावाबरोबर."

मी म्हणालो, "नेतो की."

"कधी?"

"हा रविवार जाऊ दे. सिझन चालू आहे, ऊस पडून आहे."

"तुझा ऊस कधी पडून नसतो रे?"

पुढच्या रविवारीही ऊस होता. त्याच्या पुढच्याही. कारखान्यात सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. आता जे लिहायचंय ते लिहायला हात उचलत नाही, पण त्याशिवाय ही साक्ष नाही.

मला तुझी लाज वाटत होती.

नेवाशाचं लग्न आठव. मामेभावाच्या मुलीचं. तू जरीकाठाची साडी नेसली होतीस, नाकात नळी, शेजारी चाकांवरचा छोटा सिलिंडर, आणि दर श्वासाला त्याचा फुस्स असा आवाज. आशीर्वादाच्या प्रार्थनेत सगळं शांत झालं आणि तो आवाज पार पुढच्या रांगेपर्यंत गेला. माणसं वळून बघायला लागली. मी चपलेचा बंद नीट करायला खाली वाकलो. बंद नीटच होता. नंतर फोटोला आपण स्टेजवर चढलो, तेव्हा मी तुझ्या कानात म्हणालो, "ताई, फोटोपुरती नळी काढतेस का?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग नळी काढलीस, पदराखाली धरलीस आणि हसलीस. फोटोग्राफरनं दोनदा फ्लॅश मारला, "अजून एक, अजून एक" म्हणाला. तुझे ओठ निळसर पडत चालले होते आणि तू हसत होतीस. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालीस, "चांगला आला असेल नाही फोटो?"

चांगला आला. स्मरणसभेत हार घालून ठेवला होता तो तोच. सगळे म्हणत होते, "किती प्रसन्न आहेत बाई यात." स्मितानं निवडला तो. तिला ठाऊक नाही.

तर थिएटरच्या काळोखात, शेदोनशे माणसांत, तो फुस्स आवाज मला नको होता. हे मी स्वतःलाही अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. स्वतःला मी सांगितलं की आधी जागा बघून यावी. पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, सिलिंडर आत घेऊ देतात का. कारखान्याच्या कामानं नगरला आलो होतो, दुपार मोकळी होती. तुझ्या घरावरून गेलो नाही, सावेडीकडून वळून थेट थिएटरला गेलो.

दारावर बॅगा तपासणाऱ्या बाई होत्या. मी विचारलं, "पेशंट आणायचा असेल तर? ऑक्सिजन असतो बरोबर."

त्या म्हणाल्या, "आणा की! काय हुतंय त्याला? परवाच एक आजी आल्त्या नळी लावून. आमी दोघींनी धरून बसवलं. लई हसल्या पिक्चरला."

"पायऱ्या?"

"लिफ्ट हाय ना थेट वरपर्यंत. आन् कडंची सीट घ्या, चाकाची खुर्ची तिथंच लावता येती. कोन हाय, आई का?"

"बहीण. मोठी."

"मंग आणा बिगी. पिक्चर काय रोज ऱ्हात न्हाई."

सगळं होतं, ताई. लिफ्ट होती, कडेची जागा होती, धरून बसवणारी माणसं होती. मी तिथून बाहेर पडून गाडी तुझ्या दारात लावायला हवी होती. मी तिकीट काढलं आणि आत गेलो.

का गेलो? आत किती शांतता असते ते बघायला. पहिला अर्धा तास मी पिक्चर बघतच नव्हतो. गाणं थांबलं, संवाद थांबले की कान देऊन बसायचो, आत्ता इथं तुझा सिलिंडर वाजला असता तर किती रांगांना ऐकू गेला असता याचा हिशोब करत. आणि मग गाडगी आली. हजार गाडगी, एकावर एक, आणि ती मुलगी एकेक कानाला लावतेय. तेव्हा मी हिशोब विसरलो. पाखरू आलं तेव्हा तर मी सात वर्षांचा झालो. ते बगळाही नाही आणि करकोचाही नाही. निळं, मोरासारखी शेपूट असलेलं, कॉम्प्युटरवर केलेलं काहीतरी. आपण दोघंही हरलो. शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून मी तुला हे सांगायला तोंड उघडलं होतं.

शेवटही बघितला. तो खाली लिहितो.

बाहेर पडताना त्या बाईंनी ओळखलं. "कवा आणताय मंग ताईंना?" मी म्हणालो, "बघू." पार्किंगमध्ये गाडीत बसून तुला फोन लावला.

"ताई, मी चौकशी केली थिएटरची. लिफ्ट नाही गं. पायऱ्या आहेत."

"किती?"

"खूप आहेत. दोन मजले."

"बसत बसत चढू की. आपल्याला काय गाडी पकडायचीय?"

"सिलिंडर आत घेऊ देत नाहीत म्हणे."

मशीन तेवढी वाजत राहिली. मग म्हणालीस, "असू दे. पण मुक्या, तू बघून ये. आणि मला शेवट सांग. ती काय म्हणते तेवढं सांग."

तेव्हा सांगता आलं असतं. त्या क्षणीसुद्धा. मी म्हणालो, "तुझ्याशिवाय मी बघणार नाही."

तू रडलीस, ताई. फोनवर मला तू नाक ओढल्याचं ऐकू आलं. "वेडा आहेस," म्हणालीस. "एवढं नको रे करू माझ्यासाठी." आणि मग दूधवाल्याला सांगितलंस, काकूंना सांगितलंस, मंडळीला सांगितलंस. देवानं तुला असा भाऊ दिला, अशी प्रार्थनासभेत साक्ष दिलीस. आयुष्यभर तू खरी साक्ष दिलीस आणि शेवटची खोटी दिलीस. ती मी तुझ्या तोंडी घातली.

दोनच आठवड्यांत तुला ॲडमिट केलं. तोंडावर मोठा मास्क, बोलायला बंदी. सकाळी भेटायची वेळ होती. मी खुर्ची ओढून बसलो. तू माझ्याकडे बघत दोन्ही तळवे अंगठ्यांशी जुळवलेस आणि बोटं हलवलीस. पाखरू. सलाईनची सुई लावलेल्या हातांनी. मग दोन बोटं दाखवलीस आणि भुवया वर केल्यास.

दुसरी फेरी. येतं का ते परत?

मला कळलं होतं. मला सगळं कळलं होतं आणि उत्तरही ठाऊक होतं. पण सांगायचं म्हणजे बघितल्याचं सांगायचं, म्हणजे लिफ्टचं सांगायचं, म्हणजे नेवाशाच्या फोटोचं सांगायचं. मी चादर तुझ्या पायांवर नीट केली आणि म्हणालो, "बरी झालीस की बघू दोघं." तू हात खाली घेतलेस. आपण दोघंही मुके, आणि त्या खोलीत माझा आवाज कुणी कोंडलेला नव्हता. मी स्वतःच गाडग्याच्या तोंडावर हात दाबून बसलो होतो.

त्याच दुपारी तू गेलीस.

पाळकसाहेब कबरीपाशी म्हणाले की आपण पुन्हा भेटणार आहोत. सगळ्यांना त्याचा धीर येतो. मला भीती वाटते. तू भेटशील तेव्हा श्वास मोकळा असेल तुझा, नळी नसेल, आणि पहिलं तू तेच विचारशील. माझ्या चेहऱ्याकडे बघून तुला कळेल. तू नेहमीसारखी मला सोडवायला जाशील, "जाऊ दे रे, मुक्या तो" असं म्हणशील, आणि मला तेच नकोय. क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. मागितली तर तू देशील, दूधवाल्याला थांबवूनसुद्धा देशील, आणि माझं केलेलं तसंच राहील. स्मिता हे वाचेल. वत्सलाकाकू वाचतील. वाचू देत.

काल थिएटरवरून गेलो. पिक्चर उतरलाय. दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाची मोठी पाटी लागलीय. त्या बाई दारात उभ्या होत्या. मी गाडी थांबवली नाही.

आता शेवट. तू विचारला होतास, तो.

पाखरू दुसऱ्या फेरीला येत नाही, ताई. गोष्टीत ती सोय नाहीच. बहीण म्हणते ते तू अगदी बरोबर ओळखलं होतंस, शब्दन् शब्द. ती म्हणते, "तू हो पुढं." भाऊ पाखरावर बसतो. पाखरू पंख पसरतं, चार पावलं पळतं. मी थिएटरात खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो; मला वाटलं आता उडणार, आता तो घरी जाणार, चहा ठेवणार.

तो खाली उतरतो. एवढंच करतो. काही बोलत नाही, आवाज परत मिळालेला असूनही. धुक्यातून चालत येतो आणि तिच्याशेजारी वाळूत बसतो. पाखरू जरा वेळ थांबतं आणि रिकामंच उडून जातं.